मालक गल्ल्यावर असला की नेमकं काय बदलतं

घरच्या माणसांनी चालवलेल्या छोट्या हॉटेलांचा विषय निघाला की दहा मिनिटांत दोन तट पडतात, आणि दोन्हीकडचे लोक इतकं ठरलेलं बोलतात की पुढचं वाक्य आपणच पूर्ण करावं. एक गट सांगतो की तिथे कसं घरच्यासारखं वाटतं, मालक नावाने हाक मारतो, काकू स्वतः बाहेर येऊन विचारतात अजून काही हवंय का, हे तुमच्या शाखाशाखांच्या चेन हॉटेलांत कुठे मिळणार. दुसरा गट म्हणतो कसली आपुलकी, धंदा आहे तो, गोड बोलून गिऱ्हाईक बांधून ठेवायची जुनी युक्ती, एकदा बिल न देता उठून दाखवा मग बघू किती घरचे आहात ते. पहिला गट चिडतो, दुसरा हसतो, वाद जिथे होता तिथेच. मला यात खटकतं ते असं की दोघांनीही एक गोष्ट न तपासता धरून ठेवलीय, की हा सगळा मामला मनातल्या भावनेचा आहे. अरे पण मालकाच्या मनात काय आहे हे तुम्हाला कळणार कसं, आणि कळून करायचंय काय? माझं म्हणणं सरळ आहे. छोट्या हॉटेलात जी ऊब लागते ती गोड बोलण्यातून येत नाही, ती येते अधिकारातून. समोरचा माणूस तुमच्यासाठी नियम वाकवू शकतो, कारण नियम त्याचाच, वाकवल्यामुळे होणारं नुकसानही त्याचंच, आणि तुम्ही उद्या परत आलात तर तोंड दाखवायला तोच तिथे असणार. भिंतीवरचे आजोबांचे फोटो, हाताने लिहिलेला बोर्ड, ही सगळी सजावट झाली. ती तर आता चेनवालेही डिझायनर लावून करून घेतात.

एक उदाहरण घ्या, अगदी साधं. तुम्ही मेनू बघून एका पदार्थावर बोट ठेवता आणि ऑर्डर घेणारी बाई पेन वहीवर तसंच धरून, आवाज जरा खाली आणून म्हणते, "आज ते नका घेऊ, सकाळचं आहे." बस. ह्या एका वाक्यात तिने स्वतःचा माल विकायचं नाकारलंय, स्वयंपाकघरातली गोष्ट बाहेर सांगितलीय आणि तुम्ही गैरफायदा घेणार नाही असं गृहीत धरलंय. ती हसली का? बहुतेक नाही. कपाळावर आठ्या असतील, मागे कुणीतरी हाका मारत असेल. पण असं वाक्य पगारी नोकराने म्हटलं आणि मॅनेजरच्या कानावर गेलं तर त्याची नोकरी राहील का? तो बिचारा मनाने तिच्याहून चांगला असेल, त्याला तुमची जास्त काळजीही असेल, पण हे बोलायची त्याला परवानगी नाही. फरक स्वभावाचा नाहीये, फरक कोण काय ठरवू शकतं याचा आहे.

आता दुसऱ्या गटाचं जे खरं आहे ते आधी मान्य करू, आणि ते थोडंथोडकं नाही. त्यांचा पहिला आधार म्हणजे अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ. खाटीक, दारू गाळणारा आणि पाववाला यांच्या परोपकारबुद्धीमुळे आपल्याला जेवण मिळत नाही, त्यांना स्वतःचं हित कळतं म्हणून मिळतं, हे त्याने १७७६ साली लिहून ठेवलं आणि ते आजही खोडता येत नाही. मालक गोड बोलतो कारण तुम्ही परत यावं असं त्याला वाटतं. हो, वाटतं! मग? त्याहून बोचरा मुद्दा असा की आपुलकी शिकवता येते, मोजता येते आणि वसूलही करता येते. अमेरिकेत डेव्हिड स्ट्रोमेट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. बिलासोबत एक चॉकलेट दिलं तर टिप जराशी वाढली, दोन दिली तर अजून वाढली, आणि सगळ्यात जास्त कधी वाढली माहितीय? वेटरने एक दिलं, जायला निघाली, मग जणू आत्ताच मनात आलं असं दाखवत परत वळली आणि अजून एक दिलं तेव्हा. चॉकलेटं तेवढीच, दोनच, फरक फक्त त्या वळण्याचा. म्हणजे "खास तुमच्यासाठी हं" हा भावसुद्धा रिहर्सल करून आणता येतो आणि आपण त्याला भुलतो. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी तर १९८३ मध्येच विमानातल्या हवाईसुंदरींचा अभ्यास करून दाखवलं होतं की हसू हा नोकरीचाच भाग झाला की माणसाला ते नुसतं चेहऱ्यावर आणून चालत नाही, आतूनही तसं वाटून घ्यायला लावतात, आणि त्याची किंमत हसणाऱ्याला मोजावी लागते.

एवढं सगळं खरं असूनही यातून काय सिद्ध होतं? माझ्या मते एवढंच, की हसण्यावरून काही ओळखता येत नाही. म्हणजे माझाच मुद्दा. हसू नकली बनवता येतं म्हणून तर ते बाजूला ठेवून दुसरं काहीतरी बघायला हवं. ते दुसरं चॉकलेट हातावर ठेवणाऱ्या वेटरला विचारा की बाई गं, माझ्या म्हाताऱ्या वडलांना एवढं संपत नाही, अर्धंच द्याल का, पैसे अर्धेच घ्याल का. ती गोंधळेल, मॅनेजरकडे जाईल, मॅनेजर म्हणेल सिस्टिममध्ये तसं बटण नाही. दोघांपैकी कुणी वाईट नाही, बटण खरंच नसतं. आणि छोट्या हॉटेलातला तो तुसडा, कधीही न हसणारा मालक, जो हिशेबाच्या वहीतून मान वर करत नाही, तो तशाच खालमानेने आतल्या दिशेला ओरडतो, "अर्धं कर रे एक." यातला पाहुणचार कुठला? मला विचाराल तर मी त्या तुसड्याच्या बाजूने मत देईन, दोन चॉकलेटं खाऊन झाल्यावरसुद्धा.

स्मिथचंही तसंच. स्वार्थ आहे म्हणून आपुलकी खोटी, हे गणित आपण दुसरीकडे कुठेच लावत नाही. डॉक्टर फी घेतो म्हणून त्याची काळजी खोटी असते का? शिक्षक पगार घेतो म्हणून वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलासाठी त्याचा जीव तुटत नाही का? पैसे घेणं आणि मनापासून करणं ही दोन भांडखोर शेजाऱ्यांसारखी एकमेकांचं तोंड न बघणारी मंडळी आहेत असं कुणी ठरवलं? उलट घरच्या धंद्यात स्वार्थाची मुदत लांब असते. पगारी माणसाला आजची शिफ्ट निभवायची असते, मालकाला पुढची वीस वर्षं. लांबचा स्वार्थ बऱ्याच वेळा चांगुलपणासारखाच वागतो, आणि वागण्यात फरक नसेल तर मी तरी खोलात जाऊन शोधायला जाणार नाही.

आता एक आक्षेप असा आहे जो आपुलकीवाल्यांना कधी समजतच नाही. काही लोकांना हे सगळं नकोच असतं! त्यांना शांतपणे जेवायचंय, कुणी "काय, बरेच दिवसांत दिसला नाहीत" म्हणू नये, कुणी सोबत कोण आहे ते बघू नये, ताटात काय उरलं त्यावर बोलू नये. एकट्या बाईला, नुकताच घटस्फोट झालेल्या माणसाला, चार लोकांपासून लपून भेटणाऱ्या दोघांना ओळखीचं हॉटेल म्हणजे शिक्षा वाटू शकते. आणि इतिहास त्यांच्या बाजूने आहे, हे विसरू नका. पॅरिसमध्ये १७६०च्या दशकात आज आपण ज्याला रेस्टॉरंट म्हणतो ते आकाराला आलं, त्याआधी प्रवासी माणूस खाणावळवाल्याच्या एकाच लांब टेबलावर, त्याने ठरवलेल्या वेळेला, त्याने शिजवलेलं, अनोळखी लोकांच्या मांडीला मांडी लावून जेवायचा. यजमान, गप्पा, ओळखीपाळखी सगळं भरपूर. नव्या जागांनी विकलं काय तर वेगळं टेबल, आपल्याला हवी ती वेळ, छापलेल्या यादीतून निवड आणि आधीच कळणारी किंमत. थोडक्यात, रेस्टॉरंट ही चीज जन्मालाच आली ती यजमानाच्या तावडीतून सुटका म्हणून. मग आज आपण परत त्या लांब टेबलाच्या नावाने उसासे टाकतोय हे जरा गमतीशीरच नाही का?

मला हा आक्षेप सगळ्यात वजनदार वाटतो आणि तो पूर्ण खोडायची माझी इच्छाही नाही. फक्त त्यात एक गफलत आहे, आग्रह आणि लक्ष या दोन गोष्टी एकत्र मिसळल्यात. आग्रह म्हणजे यजमानाला जे द्यायचंय ते तुमच्या गळ्यात मारणं. लक्ष म्हणजे तुम्हाला काय हवंय ते बघून तसं वागणं, आणि कधीकधी हवं असतं ते हेच की कुणी जवळ येऊ नये. चांगला मालक रोज बडबडणाऱ्या गिऱ्हाइकाला एखाद्या दिवशी नुसतं पाणी ठेवून निघून जातो, काही विचारत नाही, कारण त्याला चेहरा वाचता येतो आणि वाचलेल्यावर वागायची मुभाही आहे. दर सात मिनिटांनी टेबलावर येऊन "एव्हरीथिंग ओके सर?" विचारायचा नियम ज्याच्या डोक्यावर आहे त्याला हे जमेल? तो तुम्ही रडत असलात तरी येऊन विचारणार, कारण चेकलिस्ट. अर्थात छोट्या हॉटेलांतले सगळेच मालक असे समंजस नसतात, काही जण खरोखर डोकं खातात, त्यांच्यासाठी माझ्याकडे काही बचाव नाही.

चेनची बाजूही एकदा नीट मांडू, कारण आपुलकीवाले तिला नुसतं "निर्जीव" म्हणून निकालात काढतात. मॅकडोनल्ड्स सुरू केलं ते दोन सख्ख्या भावांनी. म्हणजे घरचंच हॉटेल की! १९४८ मध्ये त्यांनी चालतं हॉटेल बंद केलं, गाडीपाशी येऊन ऑर्डर घेणाऱ्या पोरी काढून टाकल्या, मेनू कापून मोजक्या पदार्थांवर आणला आणि खिडकीतून झटपट द्यायला सुरुवात केली. पुढे १९५५ पासून रे क्रॉक नावाच्या व्यावसायिकाने ती पद्धत सगळीकडे पसरवली. यात गिऱ्हाइकाला मिळालं काय? कुणाची ओळख लागत नाही. नव्याला आणि जुन्याला सारखंच मिळतं, सारख्याच वेळात, सारख्याच किमतीत. परक्या शहरात, भाषा येत नसताना, लहान मूल कडेवर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला विचारा ही किती मोठी सोय आहे ती. ओळखीवर चालणाऱ्या जागेत अनोळखी माणूस नेहमी जरा कमीच असतो, हे मान्य केलं पाहिजे.

आणि इथेच माझ्या स्वतःच्या मुद्द्याची सगळ्यात काळी बाजू येते, ती झाकली तर लेख लिहायलाच नको. नियम वाकवायची मुभा ज्याच्या हातात आहे तो नियम तुमच्या बाजूनेच वाकवेल हे कशावरून? अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये ऑलीज बार्बेक्यू नावाचं घरचंच हॉटेल होतं, मॅक्लंग कुटुंबाचं, २२० लोक बसतील एवढं. तिथे ३६ नोकर होते, त्यातले दोन तृतीयांश कृष्णवर्णीय. पण कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला आत बसून जेवता यायचं नाही, पार्सल घेऊन जायचं. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा आला, तर हे कुटुंब त्याविरुद्ध कोर्टात गेलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात हरलं. आता विचार करा, त्या हॉटेलात जे गोरे लोक जात असतील ते हेच म्हणत असतील ना की किती घरच्यासारखं वाटतं इथे, काय प्रेमळ माणसं आहेत? आणि ते खोटं बोलत होते असंही नाही! घर म्हटलं की दार आलं, आणि दार म्हटलं की कुणाला आत घ्यायचं ते ठरवणारा आला.

पण याच देशातली, याच काळाच्या जरा आधीची एक उलटी गोष्टही आहे. रिचर्ड लापियर नावाचा समाजशास्त्रज्ञ १९३०च्या आसपास एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर मोटारीने फिरला, त्या वेळी तिथे चिनी माणसांविषयी भरपूर द्वेष होता. २५१ हॉटेलं, लॉज आणि खाणावळींत हे तिघे गेले आणि फक्त एका ठिकाणी त्यांना नाकारलं. नंतर लापियरने त्याच जागांना पत्र पाठवून विचारलं की तुम्ही चिनी गिऱ्हाईक घ्याल का, तर ज्या १२८ जणांनी उत्तर दिलं त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी सरळ नाही म्हणून कळवलं. या प्रयोगावर टीकाही झाली, पत्राला उत्तर देणारा आणि टेबलावर वाढणारा एकच होता कशावरून, सोबत गोरा माणूस होता त्याचं काय, वगैरे, आणि ती रास्त आहे. तरी आकडा डोक्यातून जात नाही. कागदावर "नाही" म्हणणाऱ्या जागा माणूस दारात उभा राहिल्यावर "या" म्हणतात. म्हणजे मुभा दोन्हीकडे वळते, कधी कायद्याहून वाईट तर कधी स्वतःच्याच पूर्वग्रहाहून चांगली. मग करायचं काय, मुभाच काढून घ्यायची? मला वाटतं उत्तर आपण कधीच शोधून ठेवलंय, फक्त वादात कुणाला आठवत नाही. दारावर कायदा, आत मुभा. अमेरिकेचा तो १९६४चा कायदा घ्या किंवा धर्म, जात, लिंग अशा कारणांवरून कुणालाही हॉटेलात जाण्यापासून अडवता येणार नाही असं सांगणारं भारताच्या राज्यघटनेचं कलम १५ घ्या, दोन्ही फक्त दार उघडं ठेवायला सांगतात. आत आल्यावर कुणाला अर्धी प्लेट द्यायची आणि कुणाशी गप्पा मारायच्या हे कायदा ठरवत नाही, ठरवूही नये.

आता खर्चाचं बोलू. मुभा मालकाची असते, पण वापरली की घाम कुणाचा निघतो? हॉटेल बंद व्हायच्या वेळेला चार जण दारात उभे राहतात, खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकून झाल्यात, फरशी अर्धी ओली आहे. मालक क्षणभर आत बघतो. आत त्याची बायको, भांडी घासून पालथी घातलेली, हात पदराला पुसत उभी. ती काही बोलत नाही, फक्त एक पातेलं परत सुलटं करते. मालक बाहेर वळून म्हणतो, "या या, बसा." ते चौघे आयुष्यभर सांगत फिरणार की काय दिलदार माणूस आहे तो. दिलदार कोण होतं तिथे? छोट्या हॉटेलांच्या आपुलकीचं कौतुक करताना ही नजरानजर कुणी मोजत नाही. पगारपत्रकात जिचं नावच नाही अशी सून, शाळेतून येऊन गल्ल्याशेजारी गृहपाठ करणारी आणि मधूनच ग्लास उचलणारी मुलगी, वर्षातून एकदाही सुट्टी न घेतलेले आजोबा. चेनमधल्या वेटरला निदान शिफ्ट संपते, ओव्हरटाइम मागायची सोय असते, भांडायला युनियन असू शकते. घरात कुणाशी भांडणार? यावर माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. एवढंच म्हणेन की मुभा ज्याची, कष्ट त्याचे, हे जिथे जुळतं तीच आपुलकी मला कौतुकाची वाटते, आणि जिथे एकजण वाटतो आणि दुसरा राबतो तिथे दुसऱ्या गटाची टिंगल मला मान्य आहे. ती भांडी पालथी घालून उभी असलेली बाई स्वतः "आज नको" म्हणू शकत असेल, आणि तिच्या "नको"ला बाहेरचा माणूस मान देत असेल, तर गोष्ट वेगळी.

म्हणूनच "कुटुंब" या शब्दाची जादूही मला पटत नाही. रिट्झ-कार्लटन ही काही कुणाची घरगुती खाणावळ नाही, जगभर पसरलेली महागडी हॉटेल कंपनी आहे, पण त्यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे: पाहुण्याची अडचण सोडवायला प्रत्येक कर्मचाऱ्याला, अगदी खोल्या झाडणाऱ्यालासुद्धा, वरिष्ठांना न विचारता २००० डॉलरपर्यंत खर्च करायचा अधिकार आहे. तिथल्या पाहुणचाराचं जे नाव आहे त्यात याचा वाटा नक्की असणार. म्हणजे हे दुसरीकडेही करता येतं, फक्त खालच्या माणसावर विश्वास टाकावा लागतो, आणि बहुतेक कंपन्यांना तोच महाग वाटतो, त्यापेक्षा स्माइल ट्रेनिंग स्वस्त पडतं.

राहता राहिलो आपण, गिऱ्हाईक. या वादात आपली जबाबदारी काय हे कुणी बोलतच नाही, जसं काही आपण नुसते ऊब खायला बसलोय. काही हुशार लोक सुचवतात की आपुलकीला किंमत असेल तर ती बिलात लावा ना, उशिरा येणाऱ्यांकडून जास्त घ्या, विषय संपला. नाही हो संपत. इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांवर एक प्रयोग झाला होता, २००० साली तो प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला तर उशीर कमी होण्याऐवजी वाढला, कारण आता पैसे टाकले की शरम बाळगायची गरज उरली नाही. आणि दंड काढून टाकल्यावरसुद्धा लोक पहिल्यासारखे वेळेवर यायला लागले नाहीत. उपकाराला एकदा दर लागला की तो उपकार म्हणून परत मिळत नाही.

आणि दर फक्त पैशातच लागतो असंही नाही. रेटिंगचं बघा. मायकल लूका या अर्थशास्त्रज्ञाने सिॲटलमधल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास करून २०११ मध्ये दाखवलं की येल्प या रेटिंगच्या साइटवर एक स्टार वाढला की उत्पन्न पाच ते नऊ टक्क्यांनी वाढतं, पण हा परिणाम स्वतंत्र हॉटेलांवर दिसतो, चेनवर नाही. म्हणजे आपल्या हातातला स्टार नेमका छोट्या माणसालाच लागतो, औषध म्हणूनही आणि काठी म्हणूनही. बरं, काठीने मारणारे लोक सोडा, त्यांच्याबद्दल बरंच लिहून झालंय. मला जास्त त्रास प्रेमाने लिहिणाऱ्यांचा वाटतो. त्या रात्री उशिरा जेवून गेलेल्या चौघांपैकी एकजण घरी जाऊन पाच स्टार देतो आणि मनापासून लिहितो की बंद झालं होतं तरी आमच्यासाठी उघडलं, मागितलं ते अर्धं दिलं, वर गोडही दिलं आणि पैसे घेतले नाहीत. पुढच्या आठवड्यापासून दारात लोक उभे, मोबाईल पुढे करून, त्यांना दिलं मग आम्हाला का नाही. मालकाला आता दोनच रस्ते, सगळ्यांना द्या आणि बुडा, किंवा बोर्ड लावा की अमुक वेळेनंतर ऑर्डर घेतली जाणार नाही. तो बोर्ड लागला की आपणच परत म्हणणार, पहिल्यासारखं नाही राहिलं हो तिथे. तेव्हा लिहायचंच असेल तर जेवण कसं होतं, जागा स्वच्छ होती का, बिल बरोबर होतं का, हे सगळं लिहा, वाईट असेल तर वाईटही लिहा. तुमच्यासाठी काय वाकवलं तेवढं मात्र लिहू नका.